वाढत्या वयातील पाठीचा वाक

(अलिबाग तालुक्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी कला शाखेचा पदवीधर, माहिती खात्याचा सेवक. औषधोपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु तज्ज्ञांपाशी असलेली माहिती घरोघर वेळेवर पोहोचणे हे या बाबतीत फार महत्त्वाचे असल्याने आपला थोडा वेळ घेत आहे.

पाठीचा कणा मागून पाहिला असता सरळ दिसावयास हवा. तो एका बाजूस वळला आणि त्यासोबत मणकेही फिरले, की त्या अवस्थेस ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. क्ष-किरण चित्रावर वाकाचा कोन मोजतात. तो १० अंश वा अधिक भरला तरच हे नाव लागते. १६ वर्षांखालील मुलांत शेकडा दोन-तिघांत असा वाक आढळतो. बहुतेकांचा सौम्य असतो. वाढत जाणारा वाक मात्र मुलींत अधिक दिसतो. दहापैकी सुमारे आठ मुलांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने, विहिरीवरून हंडे आणल्याने किंवा आईने ग्रहण न पाळल्याने तो होत नाही. ग्रहणाचा हा दोष अजूनही सुनेच्या पदरी टाकला जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

खरा धोका आहे तो दहा ते चौदा या वयात. मुलगी झपाट्याने उंच होते, त्याच वेगाने वाकही वाढू शकतो. आणि नेमक्या याच वयात ती अंग चोरू लागते, आई तिला न्हाऊ घालीत नाही, ओढणी पाठ झाकते. दुखत नसल्याने तीही बोलत नाही. काही घरांत लक्षात येऊनही, पुढे लग्नाला अडचण नको म्हणून गोष्ट चार भिंतींत ठेवतात. वाढ पुरी झाली म्हणजे पट्ट्याचा उपयोग उरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. लंडनचे शल्यवैद्य विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णिलेली चाचणी आजही उपयोगात आहे. मुलीने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकावे आणि मागून पाठ पाहावी. एका बाजूच्या बरगड्या किंवा कमरेचा भाग उंचावलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवावे. एक खांदा वर असणे, फ्रॉकचा घेर एकीकडे लोंबणे याही खुणा होत. शाळेत ही पाहणी शिक्षिकेने आडोशाला, आईच्या संमतीने करावी. ओळीने उभे करून नव्हे. रात्री पाठ दुखणे, ताप, पायांत अशक्तपणा असेल तर क्षयासारखे अन्य कारण असू शकते. तेथे एक दिवसही थांबू नये.

भागवतात त्रिवक्रा कुब्जेची कथा आहे. श्रीकृष्णाने तिच्या पावलांवर पाऊल ठेवून, हनुवटीला दोन बोटे लावून तिला सरळ केले. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबे जणू तशाच हाताच्या शोधात हाडवैद्याकडून मालीशवाल्याकडे फिरतात आणि त्यात वाढीचे वर्ष निघून जाते. मालिशीने हा वाक सरळ होत नाही.

मग शस्त्रक्रियेवाचून काय करता येते? वाक २५ अंशांहून कमी असेल तर साधारणपणे दर चार-सहा महिन्यांनी तपासणी. वाढ चालू असताना तो २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर ब्रेस, म्हणजे मापाने घडविलेला प्लास्टिकचा पट्टा. ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. श्वसनाची जोड असलेले विशेष व्यायाम जर्मनीत कॅथरिना श्रोथ यांनी १९२१ पासून रूढ केले. प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकल्यास त्यांचा उपयोग होतो, पण त्यांच्या भरवशावर पट्टा सोडू नये.

पट्टा बहुधा वाक नाहीसा करीत नाही. तो वाढू न देणे हे त्याचे काम. अमेरिका व कॅनडातील एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा वाक वाढ पुरी होईपर्यंत ५० अंशांखाली राहिला. नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी सुमारे तेरा तास किंवा अधिक पट्टा घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. म्हणजे सारा प्रश्न तासांचा आहे, आणि तास घरात मोजावे लागतात.

आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत हे सोपे नाही. आत शिवण नसलेला सुती बनियन घालावा, घामाने भिजताच बदलावा, रोज कातडी पाहावी. पट्टा उतरवून खेळण्या-पोहण्यास डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. ते तास इतर वेळी भरून काढावेत. वर्गात तिला कोणी चिडविणार नाही हे गुरुजींनी पाहावे. चिडविलेली मुलगी पट्टा दप्तरात घालून घरी येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यातच, पालघर येथे झाला. त्याचे पथक शाळेत येईल तेव्हा पाठीची शंका शिक्षकांनी आपण होऊन सांगावी. तेथून अलिबागचे जिल्हा रुग्णालय, आणि पुढे गरज पडल्यास मुंबईत हाजी अली येथील १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, असा मार्ग आहे. पट्ट्याचे माप, जुळणी व फेरतपासणी यांसाठी खेपा पडतात. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तारखा ठरविताना तेही ध्यानात घ्यावे. आणि जाताना मागचे क्ष-किरण चित्र बरोबर न्यावे. मागचा कोन समोर असल्यावाचून वाक वाढला की थांबला हे डॉक्टरांना सांगता येत नाही.