अर्धी कंपनीची, अर्धी मिस्त्रीची

मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, भंडाऱ्याच्या श्रोत्यांपुढे इटलीच्या मोटारींवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. संयोजकांनी विषय ऐकला तेव्हा तेही क्षणभर गप्प झाले होते. म्हणून तुरीनला जाण्याआधी आपण कारधा पुलावर थांबू.

हायवे आजच्याइतका रुंद नव्हता तेव्हाची गोष्ट. वैनगंगेच्या त्या काठावरून, लाखनी-साकोलीकडून, चार-सहा ट्रक ओळीनं यायचे. ट्रक म्हणायचे एवढंच. दोन लांब लोखंडी पट्ट्या, खाली चाकं, पुढं उघडं इंजीन आणि लाकडी खोक्यावर बसलेला एक माणूस. छत नाही, काच नाही, दार नाही. डोळ्यांना गॉगल, तोंडाला घट्ट दुपट्टा, पावसाळ्यात अंगावर मेणकापड. जमशेदपूरहून निघालेली ती 'चासी' असे. इंग्रजीत शब्द काहीही असो, ढाब्यावर ती चासीच. माणूस चहाला थांबला की आम्ही पोरं भोवती जमायचो. मी एकदा विचारलं, "काका, कंपनीनं हा ट्रक अर्धाच कायले विकला?" तो म्हणाला, "अर्धा कंपनीचा, अर्धा मिस्त्रीचा."

मला वाटतं, मोटारींच्या इतिहासाचा माझा पहिला धडा तोच. पुढं अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रासारख्या लोकांच्या दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की त्याही याच हिशेबाच्या होत्या. फक्त कंपनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटची, मिस्त्री इटलीतल्या तुरीनचा आणि मधे अख्खा अटलांटिक.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी पाहू. मोटारीचा पत्रा दोन तऱ्हांनी वाकवता येतो. एक तर पोलादी साचा करायचा आणि प्रचंड प्रेसखाली पत्रा दाबायचा. साचा भयंकर महाग, पण त्यातून लाखो दारं निघतात, त्यामुळे एका दारामागे खर्च किरकोळ. दुसरी तऱ्हा आपल्या भंडाऱ्याला, या पितळनगरीला, समजावून सांगायला नको. लाकडाचा आकार करायचा, त्याच्याशी पत्रा ताडून बघायचा आणि हातोडीनं ठोकत ठोकत बसवायचा. पहिल्या तऱ्हेत अमेरिकेचा हात कोणी धरला नाही. पण कोणाला शंभरच गाड्या हव्या असतील तर? शंभर गाड्यांसाठी साचा करणं म्हणजे एका पानाच्या पत्रिकेसाठी छापखाना विकत घेणं. आणि हातानं ठोकणारे कारागीर डेट्रॉइटच्या आसपास उरले होते थोडे, त्यांची मजुरी होती भारी.

तुरीनमध्ये याच्या बरोब्बर उलट होतं. महायुद्धात होरपळलेला देश, डॉलरची भूक, आणि पत्र्यात पिढ्यान्‌पिढ्या हात मुरलेली माणसं. घिया, पिनिन फारिना, विन्याले. ही नावं आज अत्तरासारखी घेतली जातात, पण मुळात त्या पत्रे ठोकणाऱ्यांच्या शेडच. या शेडला तिकडे 'कारोत्सेरिया' म्हणतात. अर्थ एवढाच की गाडीची बॉडी बांधण्याचं दुकान. नागपूर रोडला असलं दुकान असेल तर आपण त्याला कारोत्सेरिया म्हणत नाही, हा आपला दोष.

यातली माझी सर्वांत लाडकी गाडी ड्युअल-घिया. तिचा मालक यूजीन कॅसारोल हा डेट्रॉइटचा. त्याचा मूळ धंदा काय असावा? कारखान्यातून निघालेल्या नव्या गाड्या विक्रेत्यांपर्यंत पोचवण्याचा! म्हणजे कारध्याच्या ढाब्यावरच्या त्या माणसाचा मालकच म्हणा ना. युद्धकाळात त्याच्या कंपनीनं दोन-दोन इंजिनांचे ट्रक बनवले, म्हणून कंपनीचं नाव 'ड्युअल'. क्रायस्लर कंपनीनं घियाकडून डॉज 'फायरअ‍ॅरो' नावाच्या प्रदर्शनी गाड्या करून घेतल्या होत्या. त्या विकायला काढायचा क्रायस्लरचा विचार नव्हता. कॅसारोलनं ती कल्पना उचलली. डॉजची चासी जहाजानं इटलीला जायची, घियाच्या शेडमध्ये तिच्यावर बॉडी चढायची, गाडी परत जहाजानं डेट्रॉइटला यायची आणि तिथं इंजीन-गिअरबॉक्स बसायचा. १९५६ ते १९५८ या काळात अशा सुमारे ११७ गाड्या झाल्या. किंमत साडेसात हजार डॉलरच्या आसपास. नुसता पैसा असून भागत नसे, कोणाला गाडी द्यायची हे कॅसारोल स्वतः ठरवायचा. पुढं १९६१ ते १९६३ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, किंमत पंधरा हजारांवर नेली आणि २६ गाड्यांवर दुकान बंद झालं. दोन्ही वेळा जहाजाचं भाडं, जकात आणि हातमजुरी यांनी नफा खाल्ला. मला त्याचं हसू येत नाही. दुसऱ्याच्या गाड्या पोचवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची एक गाडी हवी होती.

क्रायस्लरनं आपली सर्वांत मोठी लिमोझिन, क्राउन इम्पीरिअल, १९५७ पासून घियाकडेच सोपवली. नऊ वर्षांत १३२. अर्धवट जोडलेली गाडी तुरीनला जायची, तिथं ती मधोमध कापून लांब करायची, नवी दारं, नवं छप्पर, आणि जोडांवर शिसं वितळवून, कानशीनं घासून सांधा नाहीसा करायचा. आपले डेंटर लांबी भरतात, तिथं हे लोक शिसं भरायचे. त्यामुळे गाड्या देखण्या आणि वजनदार, दोन्ही. कॅडिलॅकनं १९५९ आणि १९६० साली एल्डोराडो ब्रोअम पिनिन फारिनाकडून बांधून घेतली, पहिल्या वर्षी ९९ आणि दुसऱ्या वर्षी १०१. हाताची गंमत अशी की कुठल्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसत. एका गाडीचं दार दुसरीला बसेलच याचा भरवसा नाही. अमेरिकन मेकॅनिक यावर चिडायचा. आपल्याकडे एका कासाराच्या दोन गुंड्यांची झाकणं अदलाबदल होत नाहीत म्हणून कोणी चिडल्याचं मी पाहिलेलं नाही.

एका गाडीची गोष्ट मात्र थांबून सांगितली पाहिजे. क्रायस्लरचा मुख्य आरेखक व्हर्जिल एक्सनर. त्याच्या डोक्यातून निघालेली 'नॉर्समन' ही एकच गाडी घियानं कितीतरी महिने खपून बनवली. तिचं छप्पर मागच्या बाजूनंच तोललेलं, पुढच्या काचेला नेहमीचे जाड खांब नाहीत, समोरचं सगळं जग मोकळं. १९५६ च्या जुलैत ती 'आंद्रेआ दोरिया' या जहाजावर न्यूयॉर्ककडे निघाली. २५ जुलैच्या रात्री धुक्यात 'स्टॉकहोम' नावाचं जहाज तिच्या जहाजावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'आंद्रेआ दोरिया' समुद्रात गेलं. या अपघातात ५१ माणसं दगावली, तिथं एका मोटारीचं दुःख काय करायचं? पण इटलीत काढलेल्या थोड्या छायाचित्रांपलीकडे त्या गाडीचं आता काहीही हाती नाही. लाकडी आकारावर ठोकून केलेली वस्तू होती ती. प्रेसची असती तर साचा उरला असता, दुसरी काढली असती.

या प्रकाराचा कळस १९८० च्या दशकात झाला आणि मला तो हास्यास्पद वाटतो. कॅडिलॅकनं 'अलांते' काढली. बॉडी तुरीनजवळ पिनिनफारिनाच्या कारखान्यात, बाकी सगळं डेट्रॉइटला. मग बॉडी न्यायच्या कशा? खास तयार केलेल्या बोइंग ७४७ विमानांतून, एका खेपेला ५६! १९८७ ते १९९३ या मॉडेल-वर्षांत २१ हजारांवर गाड्या अशा उडत गेल्या. विमानानं पत्रा नेणाऱ्या गाडीची किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर गेली, यात नवल नाही. पण कॅसारोलच्या गाडीत जो हात होता, तो इथं कुठं होता? इथं इटलीही कारखानाच होती.

आता आपल्या घरी. डेट्रॉइट आणि तुरीन महाराष्ट्रातही एका छपराखाली नांदले आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना, करार क्रायस्लरशी. डॉज, डिसोटो, प्लीमथ, फार्गो ट्रक. पन्नाशीच्या दशकात त्याच कारखान्यात तुरीनची फियाट आली. तिकडे क्रायस्लर तुरीनच्या कारागिराकडे चासी पाठवत होती, इकडे कुर्ल्यात दोन्ही घरं शेजारी राहत होती. सोयरीक मात्र जुळली नाही. आपल्याला परवान्यांच्या काळात डौलदार गाडी नको होती, चालणारी गाडी हवी होती. फियाटची पुढं प्रीमिअर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

आणि पद्मिनीवर वेगळी बॉडी बांधताही आली नसती. तिला चासीच नव्हती. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. पेटी कापली तर गाडीच मोडेल. जगभर मोटारी अशा झाल्या आणि मिस्त्रीच्या हातातला अर्धा वाटा गेला. घियाचं नाव फोर्डनं विकत घेतलं आणि चांगल्या प्रतीच्या मॉडेलच्या बिल्ल्यावरचं अक्षर करून टाकलं.

ट्रक आणि बस यांना मात्र चासी राहिली. म्हणून कारोत्सेरिया शोधायची तर आपल्याकडे शोधा. एसटीनं सुरुवातीच्या काळात मॉरिस कमर्शिअलच्या विलायती चासीवर दोन आरामगाड्या काढल्या होत्या, 'नीलकमल' आणि 'गिर्यारोहिणी'. पुणे-महाबळेश्वर रस्त्यावर त्या धावत. दोन-दोनची आसनं, पडदे, घड्याळ, हिरवट काचा. सिनात्रा बसला असता तर नावं ठेवली नसती. आणि दापोडी, चिकलठाणा, आपल्या जवळचं हिंगणा, या एसटीच्या कार्यशाळांत उघड्या चासीवर बॉडी चढवायचं काम वर्षानुवर्षं झालं. साकोलीला जाताना गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो, तिथं गिअरबॉक्स होतात. कंपनीचा अर्धा भाग आपल्या जिल्ह्यात आहे, मिस्त्रीचाही आहे. भंडाऱ्याचं नावच 'भाण' म्हणजे पितळी भांडं, त्यावरून पडलं असं लोक सांगतात. ठोक्यांच्या आवाजावर वाढलेलं गाव आहे हे.

आता कंपन्या ट्रकला केबिनही बसवून देतात, खोक्यावर बसून आठशे किलोमीटर यायची वेळ कमी झाली. चांगलंच झालं. पण मागचा हौदा, फाळका, वरची नक्षी अजून मिस्त्रीचीच. ड्युअल-घियावर बांधणाऱ्याचं नाव मिरवायचं. आपल्या मिस्त्रीचंही असतं, फक्त ते फाळक्याच्या खालच्या पट्टीवर, बारीक अक्षरात, मोबाइल नंबरासकट. उद्या कारधा पुलावर ट्रकमागं अडकलात तर हॉर्न वाजवण्याआधी तेवढं वाचून घ्या. पूल लांब आहे, वेळ मिळतो.