सोयरीक जुळवताना विचारायचा एक प्रश्न

रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी आहे, आता जरा बसायला फुरसत मिळाली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, पाहुणे येतील आणि त्यांच्यासोबत सोयरिकीच्या गोष्टीही येतील. म्हणून हा विषय आजच काढतो आहोत. पोरी जवळ बसल्या असतील तर त्यांना उठवू नका, ऐकू द्या.

आम्ही बचत गटातल्या बाया गावातल्या मोठ्या पोरींसोबत एचआयव्हीबद्दल बोलायला बसू लागलो, तेव्हा तोंडानं कुणी काही विचारत नव्हतं. मग बिस्किटाच्या रिकाम्या डब्याला वरून फट पाडली आणि सांगितलं, नाव न लिहिता चिठ्ठी टाका. बहुतेक चिठ्ठ्या सोप्या निघाल्या. मच्छर चावल्यानं होतो का? एका ताटात जेवल्यानं? एकाच संडासात गेल्यानं? नाही, यातल्या कशानंही होत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दुसऱ्यानं वापरलेली सुई आणि बाधित आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा.

एक चिठ्ठी मात्र वेगळी होती. ‘माझं लग्न ठरलं आहे. मुलगा बाहेरगावी कंपनीत कामाला आहे. रक्त तपासून घे असं त्याला कोणी म्हणायचं?’

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तोवर आम्ही पोरींना एकच सांगत होतो, सांभाळून राहा. पण पोर सांभाळूनच राहिली आणि आजार मांडवातून घरात आला, तर आमच्या त्या सांगण्याचा काय उपयोग? खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीच आपल्या लग्नात हा प्रश्न विचारला नव्हता. पत्रिका पाहिली, शेती किती ते विचारलं, नोकरी पक्की की ठेक्यावरची तेही विचारलं.

आणि पुढे काय होतं ते पाहा. गरोदरपणात दवाखान्यात नाव नोंदवलं की इतर तपासण्यांसोबत एचआयव्हीचीही तपासणी होते. ती व्हायलाच हवी, कारण वेळेवर औषध सुरू झालं तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचांहून खाली आणता येतो. औषधच नसेल तर तो शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतो. पण यामुळे पुष्कळ घरांत सर्वांत आधी तपासली जाते ती सून. सापडतं तिच्या रक्तात, म्हणून ‘हिनंच आणलं’ असा आळ तिच्यावर येतो. नवरा तपासलेलाच नसतो! तपासणी फक्त लागण आहे की नाही ते सांगते. कुणाकडून आली, हे ती सांगत नाही. सासूबाईंनो, हे तुम्हीही ऐका.

बाईनं गप्प राहायचं, ही सवय जुनी आहे. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या शंभरात जेमतेम आठ. अंगावरून पांढरं जातं, खाली जखम आहे, तरी सांगत नाही आपण. अशा जखमा, असे लैंगिक आजार अंगावर काढले तर एचआयव्हीची लागण व्हायला आणखी वाव मिळतो.

तर त्या चिठ्ठीचं उत्तर. पोरीनं एकटीनं म्हणायचं नाही, घरच्या मोठ्यांनी म्हणायचं, आणि म्हणताना दोघांचं म्हणायचं. ‘आमच्या पोरीची तपासणी करतो, तुमच्या मुलाचीही करून घ्या.’ सगळ्याच घरांनी असं म्हटलं तर कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. जबरदस्ती मात्र नाही. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयांत समुपदेशन आणि तपासणी मोफत आहे. लागण अलीकडची असेल तर पहिल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

लग्नाआधीचा एक कागद जन्मभर पुरत नाही, हेही पोरींना सांगा. नवरा महिनोन्‌महिने बाहेर राहत असेल तर निरोध वापरायचा. हे नवऱ्याला सांगणं सोपं नाही, आम्हाला ठाऊक आहे. आमच्यातल्या एकीनं ‘आता पाळणा लांबवायचा आहे’ असं म्हणून सुरुवात केली.

कुणा पोरीवर जबरदस्ती झाली तर लाजेपायी दिवस घालवू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सरकारी दवाखान्यात गेलं तर लागण टाळणारी औषधं मिळतात. ती २८ दिवस घ्यावी लागतात.

आणि तपासणीत लागण निघालीच तर? सरकारी केंद्रांत २००४ पासून एआरटीची औषधं मोफत मिळतात. ती रोज, न चुकता घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. अशी माणसं संसार करतात, शेती करतात, म्हातारी होतात.

काही विचारायचं असेल आणि गावात कुणाला विचारायचं नसेल, तर १०९७ हा नंबर लावा. पैसे लागत नाहीत. डबा आमच्याकडे आहेच, त्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी वाचू.