गव्हल्यांच्या परातीभोवती



लग्न ठरलं की घरात दोन याद्या सुरू होतात, एक कापडाची आणि एक किराण्याची. शालू, मामाकडची पिवळी अष्टपुत्री, विहिणीची साडी, नवरदेवाचा फेटा, अंतरपाटाचं कापड हे पहिल्या यादीत. दुसरीत हळकुंडं, सुपाऱ्या, गूळ, तूप आणि रवा. आज मला या रव्याबद्दल बोलायचं आहे, कारण पुष्कळ घरांत लग्नाच्या कामाचा मुहूर्त अजूनही गव्हल्यांनी होतो.

रवा दुधात घट्ट भिजवायचा, मुरू द्यायचा, मग तुपाचा हात लावून मऊ होईपर्यंत मळायचा. त्याची लहानशी गोळी हातात धरून सुतासारखी बारीक वळी ओढायची आणि अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वळून तोडायची. टोकं निमुळती, मध्ये किंचित फुगीर, गव्हाच्या दाण्यासारखा आकार आला की झाला गव्हला. नखाने दाबली की नखुली, फणीच्या दातांवर फिरवला की फणोला. तासभर हात चालला तरी ताटाचा तळ झाकत नाही, म्हणून हे काम एकटीचं नाहीच. परातीभोवती चार-पाच जणी बसतात, गप्पा होतात, जुन्या ओव्या निघतात. वाळलेले गव्हले थोडे रुखवतात मांडायला जातात, बाकीचे तुपावर गुलाबी परतून खिरीत पडतात.

पण या परातीशी बसायला बोलावलं जातं कुणाला? पाच सवाष्णींना. घाणा भरताना आंब्याची पानं बांधलेल्या मुसळाला हात लावायचा तोही सवाष्णींनीच. नवरीला हळद त्यांनीच लावायची, ओटी त्यांनीच भरायची.

माझ्या आत्याइतके बारीक गव्हले आमच्या नात्यात कुणालाच जमत नसत. आतोबा गेल्यानंतर घरात पहिलं लग्न निघालं, तेव्हा परात माजघरात मांडली होती आणि आत्या आत चुलीपाशी होती. तिला कुणी नको म्हटलं नाही. ये, बस, असंही कुणी म्हटलं नाही. पोरी वळत होत्या ते गव्हले जाडेभरडे होत होते, आणि ज्या हातांनी ते शिकवायचे ते हात आत भांडी घासत होते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. नवरीचं सगळ्यांत जास्त भलं चिंतणारी बाई तिच्या मंगलकार्यात अशुभ ठरते, ही रीत क्रूर आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे 2022 मध्ये, तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे सारं थांबवायचं ठरलं. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणजे घरातली माणसं एका दिवसात बदलतात असं नाही. पण आता कुणी विचारलं, ‘असं कुठे असतं का?’ तर गावाचं नाव सांगता येतं.

म्हणून, ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना माझं सांगणं आहे. गव्हल्यांचं बोलावणं करायला निघाल, तेव्हा पती गमावलेल्या मावशीच्या, काकूच्या, आजीच्या घरी आधी जा. फोनवर नको, समक्ष जा. ती संकोचाने नाही म्हणेल, तेव्हा पुन्हा म्हणा. आली की इतरांसारखंच तिलाही हळदीकुंकू लावा आणि परात तिच्यापुढे सरकवा. नवरीची आई एकटी असेल तर कन्यादानाला चुलता-चुलती शोधत बसू नका, तिलाच पाटावर बसवा. गुरुजींशी हे आठ दिवस आधी बोलून घ्या. ते तयार नसतील तर तयार असणारे दुसरे मिळतात, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या स्त्रियाही लग्नं लावतात.