ज्यूदोचा निकाल कसा वाचावा

आशियाई ज्यूदो स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात येतो तो चार ओळींत. शाहूपुरीच्या तालमीत कुणी तो मोठ्याने वाचला, तर पोरे विचारणारच, "हे ज्यूदो म्हणजे काय हो, वस्ताद?"

जिगोरो कानो नावाच्या एका जपानी शिक्षकाने 1882 साली ही विद्या सुरू केली. आपला पैलवान लंगोटावर उतरतो. ज्यूदोचा खेळाडू जाड सुती अंगरखा घालतो, आणि त्याचीच बाही नि गळपट्टी धरून डाव होतो. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि ताबा राखून पाठीवर आपटले की 'इप्पोन'. लढत तिथेच संपली! म्हणजे आपली चितपटच की. हात खांद्यावरून ओढून पाठीवरून फेकण्याचा त्यांचा 'सेओइ नागे' पाहिलात, तर तुम्ही धोबीपछाडच म्हणाल.

निकालात एक गंमत असते, बरं का. दर वजनगटात सुवर्ण एक, रौप्य एक, पण कांस्यपदके दोन! गुरुजींनी वर्गात वाचताना ती छपाईची चूक समजू नये.

आता देशांची नावे पाहा. जपान, कोरिया असणारच. पण उझबेकिस्तान, मंगोलिया कुठून आले? त्यांच्या खेड्यापाड्यांत जुनी कुस्ती आहे. उझबेकांची 'कुराश', मंगोलांची 'बोख'. ती अंगात मुरलेली पोरे ज्यूदोत उतरली. मंगोलियाला ऑलिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळाले ते 2008 साली, बीजिंगला, आणि ते ज्यूदोतच. मिळवणारा नाइदान तुवशिनबायार हा बोख खेळून आलेला गडी. आपल्याही देशाने 1986 साली सोलच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ज्यूदोची चार कांस्यपदके मिळवली. ज्यूदो त्या स्पर्धांत आला तो त्याच वर्षी. मग आखाड्यात घाम गाळणाऱ्या आमच्या पोराला अंगरखा जड का व्हावा? मला तरी कारण दिसत नाही.

कोल्हापूरची आणि ज्यूदोची गाठ जुनी आहे. 1952 सालचे हेलसिंकी ऑलिंपिक. 57 किलो वजनगट, फ्रीस्टाइल कुस्ती. कांस्यपदक आपल्या खाशाबा जाधवांचे. गोळेश्वरचे खाशाबा इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून त्यांना धाडले होते. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीचे, आणि हा इशी मूळचा ज्यूदोचा! महायुद्धानंतर जपानच्या शाळांतून ज्यूदोला बंदी झाली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला.

निकालात छापून येत नाही अशी एक गोष्ट सांगतात. इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावले. मधे अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो पंचांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा तसेच दमल्या अंगाने गादीवर चढले.