जाणाऱ्याने जागा शिकवून जावे

आमच्या आपट्याचे रेल्वे स्थानक तुम्ही निदान पडद्यावर तरी पाहिले असेल. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा प्रसंग तिथेच चित्रित झाला. आमची कबड्डी खेळणारी मुलेही याच स्थानकावरून बाहेर पडतात. कुणी पनवेलच्या कॉलेजात, कुणी मुंबईला कंपनीच्या संघात, तर कुणी चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या गावाकडून खेळायला. वीसेक वर्षे मी संध्याकाळी मुलांना शिकवतो आहे. सलग तीन मोसम तेच सातजण मला कधी मिळाले नाहीत.

ही तक्रार सगळीकडची आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी २०१८ पासून संगणकावर ठेवली जाते. पूर्वी बदलीनंतर बहुतेकांना वर्षभर बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी ती अट गेली, २०२४ मध्ये अभ्यासात ठीक असलेल्यांना कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली. प्रशिक्षकाला दरवर्षी जवळजवळ नवा संघ बांधावा लागतो.

कबड्डीत याचा फटका बसतो तो बचावाला. चांगला चढाईपटू कुठेही गेला तरी एकट्याच्या बळावर गुण आणतो. बचावाचे तसे नाही. कोपऱ्यावरच्याने घोटा धरला की शेजारच्याने त्याच क्षणी अंगावर जायचे. जरा उशीर झाला की चढाईपटू मध्यरेषेला हात टेकवतो आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरले ते सगळे बाद! हात धरून साखळी केली, तरी शेजाऱ्याचा हात नेमका केव्हा सोडायचा हे सवयीनेच कळते. ही सवय माणसाबरोबर निघून जाते.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. जाणार असे ठरलेल्या मुलाने शेवटचे दिवस धाकट्या मुलाला शेजारी उभे करून खेळायचे. कुठे पाय ठेवायचा, कोणता इशारा कुणी द्यायचा, सगळे द्यायचे. मैदानावर पाणी मारणे, खडे वेचणे आणि चुन्याच्या रेषा ओढणे ही कामेही नव्या-जुन्या सगळ्यांनी करायची, बाहेरून आलेल्यानेसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी स्पर्धा तोंडावर असताना आमच्या डाव्या कोपऱ्याला एका कंपनीकडून बोलावणे आले. पगाराची नोकरी, घरी वडील आजारी. काही वडीलधारी म्हणाले, “स्पर्धा होईपर्यंत सोडू नका.” मी म्हणालो, त्याच्या घरची चूल आपण पेटवणार आहोत का? आठ दिवस मिळाले. रोज संध्याकाळी नववीतल्या एका मुलाला घेऊन तो कोपऱ्यावर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो, पण त्या मुलाने तीन पकडी केल्या. गावात अजूनही म्हणतात की तो असता तर उपांत्य फेरी नक्की होती. असेलही.

मोठ्या पातळीवरचे उदाहरण पाटणा पायरेट्सचे. प्रदीप नरवालच्या चढायांवर त्यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये मिळून प्रो कबड्डीची तीन विजेतेपदे मिळवली. २०२१ च्या लिलावात तो १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. त्याच मोसमात पाटणा गुणतक्त्यात पहिला आला आणि अंतिम सामना दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणाने हरला. ही मजल मुख्यतः बचावाची होती. डाव्या कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शाडलू होता, पहिलाच मोसम, भाषाही वेगळी! शेजारच्यांनी त्याला सामावून घेतल्याशिवाय त्या पकडी झाल्या नसत्या, असे मला वाटते.

आता आमचा उजवा कोपरा जूनमध्ये पुण्याला चालला आहे. त्याच्या शेजारी उभी करायला आठवीतली दोन मुले आहेत. त्यातल्या एकाचा घोटा अजून दुखतो आहे, तेव्हा सध्या दुसऱ्याला घेऊन सुरुवात केली आहे.