मठाचं घर होतं तेव्हा

रायपूरला पाहुणे आले की आपण त्यांना सिरपूरला नेतो. ऐंशी किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एक दिवस. लक्ष्मण मंदिरासमोर फोटो, महानदीच्या काठावर चहा, की परत. पुढच्या वेळी आनंदप्रभ कुटी विहारात अर्धा तास जास्त काढा, आणि आत शिरल्यावर एखाद्या जुन्या वाड्यात आल्यासारखं वाटतं का ते बघा.

मला वाटतं. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या पुरानी बस्तीतल्या मामांच्या वाड्यात गेल्या, त्यामुळेही असेल. पण नकाशा खरंच तोच आहे. दारातून आत आलं की मधे चौक, चौकाभोवती खांब, कडेनं १४ खोल्या. दारासमोरच्या बाजूला, जिथे आपण देवघर ठेवू, तिथे गर्भगृह आणि त्यात सहा फुटांहून उंच, बसलेला बुद्ध. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळात आनंदप्रभ नावाच्या भिक्षूनं हा विहार बांधला. तिथल्या शिलालेखात भिक्षूंच्या जेवणाच्या सोयीचीही नोंद आहे. मातीखाली गेलेला हा विहार १९५०च्या दशकात उकरून काढला तो आपल्याच मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी.

पुष्कळ माणसं एकत्र राहायची म्हटलं की चौक, उजेड, पाण्याचा निचरा, स्वयंपाक हे आलंच. मग ते भिक्षू असोत की एकत्र कुटुंब. त्यामुळे मठाचं राहतं घर करणं फार अवघड नसतं. गाडी अडते ती देवघरापाशी. ती जागा नव्या मालकाची नसते. तिचं काय करायचं?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एकदम शेकडो ठिकाणी उभा राहिला. पोपशी बिनसल्यावर आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० या काळात देशातले मठ बंद केले, जमिनी ताब्यात घेतल्या आणि बऱ्याचशा विकून टाकल्या. विल्टशरमधलं लेकॉक ॲबी हा जोगिणींचा मठ १५३९ला बंद झाला. तो विल्यम शॅरिंग्टन या गृहस्थानं ७८३ पौंडांना घेतला. (हा माणूस ब्रिस्टलच्या टांकसाळीत अधिकारी होता. पुढे नाण्यांच्या अफरातफरीत पकडला गेला, आणि सुटलाही.) घेतल्यावर त्यानं काय केलं? चर्च पाडलं. बाकी मठ मात्र ठेवला. चौक, चौकाभोवतीची कमानींची पडवी, तळमजल्यावरच्या खोल्या जशाच्या तशा ठेवून वरच्या मजल्यावर स्वतःचा संसार थाटला. कोपऱ्यात एक अष्टकोनी मनोरा तेवढा चढवला.

चर्चही पुरतं गेलं नाही. चौकाच्या बाजूची त्याची भिंत पाडली असती तर चौकच उघडा पडला असता. म्हणून ती राहिली, आणि तीच घराची दक्षिणेकडची दर्शनी भिंत झाली. जिथे प्रार्थना व्हायची तिथे आता हिरवळ आहे. याच दक्षिण बाजूच्या एका खिडकीचं चित्र १८३५ साली तेव्हाचे मालक हेन्री फॉक्स टॅलबट यांनी कागदावर उमटवलं. आज शिल्लक असलेली छायाचित्राची सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. तुमच्या मुलांना मात्र ही वास्तू वेगळ्या कारणानं माहीत असेल: हॅरी पॉटरच्या शाळेतले काही प्रसंग याच पडवीत चित्रित झालेत.

इतक्या लांब जायला नको. पणजीजवळ, मांडवी आणि जुवारीच्या मुखांमधल्या भूशिरावर गोव्याच्या राज्यपालांचं निवासस्थान आहे. त्या जागेला काबो म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथे किल्ला आणि चॅपेल उभारलं, आणि शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आला. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालनं स्वतःच धर्मसंघ मोडीत काढले. मग काबो गव्हर्नरांकडे आलं, आणि १९१८ला त्यांनी पणजीतला आदिलशाही वाडा सोडून इथेच मुक्काम हलवला. मठाच्या जागी दिवाणखाने आले, झुंबरं आली. चॅपेल मात्र राहिलं. १५ ऑगस्टला तिथलं फेस्त असतं, आणि त्या दिवशी भाविक राज्यपालांच्या आवारात येतात. लेकॉकपेक्षा मला हे अधिक पटतं. राहा, पण एक वाट उघडी ठेवा.

सिरपूरला तिसरीच गत झाली. विहाराचा वाडा कुणी केला नाही, त्यामुळे छप्पर कुणी शाकारलं नाही. भिंती बसल्या, मूर्ती मातीखाली जागच्या जागी राहिली. गावातले सुटे दगड लोकांनी नेले. नदीकाठच्या गंधेश्वर मंदिरात जा, जुन्या इमारतींचे कोरीव खांब तिथे बेलाशक वापरलेले दिसतील. अभ्यासकाच्या सोयीचं म्हणाल तर हे उत्तम: कुणी वाडा केला नाही, म्हणून मूळ नकाशा हाती लागला. लेकॉकमध्ये तो भिंतींच्या जाडीवरून आणि बुजवलेल्या दारांवरून ओळखत बसावं लागतं. पण म्हणून वास्तू पडू द्यावी, असं मी म्हणणार नाही.

कारण मामांचा वाडा दोन वर्षांपूर्वी विकला गेला. बोलणी तीन महिने लांबली, आणि खरं सांगतो, पैशांवरून नव्हे, देवघरावरून. घेणाऱ्यांना तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. माणसं समजूतदार निघाली. देव आम्ही भोपाळला मावशीकडे नेले, देवघराची खोली मोडली, पण भिंतीतला कोनाडा त्यांनी ठेवला. हलवण्याआधी भाच्याला घेऊन मी टेपनं सगळा वाडा मोजला आणि चौकासकट नकाशा काढला. खोल्या भरल्या अकरा. मामी म्हणाल्या, बारा. जिन्याखालची लोणच्याची खोली तुम्ही धरलीच नाही.

कोनाड्यात सध्या वायफायचा डबा आहे.