कसोटीस उतरलेल्या महिला



१९८६ साली मेक्सिकोत भरलेल्या फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले यांनी महिलांसाठी विश्वचषक स्पर्धेची मागणी केली. ती मान्य करण्यापूर्वी फिफाने कसोटी पाहण्याचे ठरविले. जून १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात १२ निमंत्रित संघांची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात नॉर्वेने स्वीडनवर १-० असा विजय मिळविला. त्या महिन्याच्या अखेरीस विश्वचषकास संमती मिळाली व १९९१ मध्ये ती स्पर्धा चीनमध्येच पार पडली. तेथील सामने मात्र ९० ऐवजी ८० मिनिटांचेच होते. १९९५ साली स्वीडनमध्ये महिला पूर्ण ९० मिनिटे खेळल्या. संधीवाचून सामर्थ्याचा पुरावा मागणे न्याय्य नव्हे; संधी मिळताच तो पुरावा महिलांनी मैदानावर दिला.